चौदाव्या स्लाइडवरची ओळ

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेचसे काढलेत. सगळे नाही काढले, नाहीतर तो मी वाटणार नाही.

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. डेटामध्ये काम करणारी मंडळी थोड्याफार फरकाने एकच विचारतात: "पायथन येतं, एसक्यूएल येतं, मॉडेल पण बनवतो, तरी अप्रेझलमध्ये दर वर्षी 'कम्युनिकेशन सुधारा' असं लिहून येतं. म्हणजे नक्की करू काय?"

मलाही माझ्या पहिल्या अप्रेझलला हेच वाक्य मिळालं होतं. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग डिप्लोमा न करता थेट बीटेक, तिथे पहिलं वर्ष वर्गात तोंड न उघडता काढलेलं. त्यामुळे मी त्या वाक्याचा अर्थ लगेच लावला: आपलं इंग्लिश कच्चं आहे. तीन महिने शनिवार-रविवार स्पोकन इंग्लिशच्या क्लासला गेलो. आरशासमोर उभं राहून बोलायचो, रूममेट हसायचा. इंग्लिश सुधारलं, खरंच सुधारलं. पुढच्या वर्षीच्या अप्रेझलला पुन्हा तेच वाक्य.

अडचण इंग्लिशची नव्हती. कशाची होती ते मला नंतर कळलं, आणि त्याची किंमत मी नाही, दुसऱ्याच लोकांनी मोजली. तीच गोष्ट आज सांगतो.

मी तेव्हा पार्सल पोचवणाऱ्या एका कंपनीत होतो. नाव सांगत नाही, त्याने काही फरकही पडत नाही. टीममध्ये मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, पण रिपोर्ट, डॅशबोर्ड, आकडेमोड हे सगळं हळूहळू माझ्याकडेच आलं होतं. पुणे आणि आसपास मिळून आमची अकरा हब होती. हब म्हणजे पत्र्याची मोठी शेड. सकाळी तिथे ट्रक रिकामे होतात आणि रायडर पोरं आपापल्या एरियाची पार्सलं घेऊन निघतात. मला काम मिळालं की कुठलं हब किती वेळेवर पार्सल पोचवतं ते काढून दाखव.

काढलं. दहा हबांत शंभरातली ८८ ते ९३ पार्सलं वेळेवर. एका हबात मात्र ७१.

आता गंमत बघा. तो ७१ चा आकडा गडबडीचा आहे हे मला माहीत होतं. डेटामध्ये त्या हबाच्या ओळी बघितल्या की एकाच मिनिटात चाळीस-चाळीस पार्सलं 'डिलिव्हर्ड' झालेली दिसायची. एक माणूस एका मिनिटात चाळीस घरांच्या बेल कशा वाजवेल? झालं असं होतं की त्या एरियात नेटवर्क फार वाईट. रायडर दारात स्कॅन करायचा, पण तो स्कॅन हॅंडसेटमध्येच पडून राहायचा. संध्याकाळी पोरगा हबात परत आला, वायफाय पकडलं, की सगळे स्कॅन एकदम सर्व्हरवर. आणि आमची पाइपलाइन वेळ घ्यायची ती सर्व्हरची. म्हणजे दुपारी दोनला दिलेलं पार्सल आमच्या हिशेबात संध्याकाळी साडेसातला पोचायचं.

तुम्ही म्हणाल, मग हॅंडसेटची वेळ का नाही घेतली? तोही कॉलम होता. पण काही जुन्या हॅंडसेटची घड्याळं चुकलेली असायची, म्हणून आमच्या आधीच्या कुणीतरी ठरवलं होतं की सर्व्हरचीच वेळ धरायची. तेव्हाच्या दृष्टीने तो निर्णय काही मूर्खपणाचा नव्हता. असो.

तर हे सगळं मी लिहिलं होतं. लपवलं नव्हतं. प्रेझेंटेशनच्या चौदाव्या स्लाइडवर, 'लिमिटेशन्स' या शीर्षकाखाली, चौथ्या बुलेटमध्ये: काही ठिकाणी टाइमस्टॅम्पच्या दर्जाबाबत मर्यादा आहेत. इंग्लिशमध्ये लिहिलं होतं. चांगल्या इंग्लिशमध्ये, क्लास लावला होता ना.

मीटिंग अर्ध्या तासाची. आम्ही सहाव्या स्लाइडपर्यंत पोचलो. तिसऱ्या स्लाइडवर अकरा हबांचा बार चार्ट होता, दहा हिरवे, एक लाल. ऑपरेशन्सच्या मॅडमनी दोन-तीन प्रश्न विचारले, मी पटापट उत्तरं दिली, सगळे म्हणाले "गुड वर्क". मी खूश होऊन खाली चहाला गेलो.

पाच-सहा आठवड्यांनी स्कॅनरच्या ॲपचं नवं व्हर्जन टाकायला त्याच हबात जावं लागलं. तिथे एक सुपरवायझर काका आहेत, पन्नाशीचे. चहा सांगितला, खुर्ची दिली. एक रायडर दारात उभा राहून बघत होता. त्याने विचारलं, "सर, ऑफिसमधले रिपोर्टवाले ते तुम्हीच का?" मी हो म्हणालो, जरा अभिमानानेच. तो म्हणाला, "मग आमचे पैसे कशाने तुटले तेवढं सांगा की."

त्या हबाचा वेळेवर डिलिव्हरीचा इन्सेंटिव्ह बंद झाला होता. महिन्याला माणशी १,८०० रुपये. चौतीस रायडर. दोन पगार असे गेले होते. नियम सरळ होता: हबाचा आकडा ८५ च्या खाली गेला की इन्सेंटिव्ह नाही, आणि माझ्या लाल बारवर ७१ लिहिलेलं होतं. ज्यांनी निर्णय घेतला त्यांनी माझा चार्ट बरोबरच वाचला होता. दोन पोरं तोवर काम सोडून गेली होती. बाकीचे पेट्रोलचे दर आणि खोलीचं भाडं याचा हिशेब मला ऐकवत होते आणि मी पायाकडे बघत होतो.

काकांना मी मराठीत सांगितलं: स्कॅन उशिरा चढतो, म्हणून पार्सल उशिरा दिसतं. त्यांना कळायला एक मिनिट लागलं नाही. म्हणाले, "अहो, मग हे तिकडे का नाही बोललात?" बोललो होतो, असं मी म्हणणार होतो. चौदावी स्लाइड आठवली आणि गप्प बसलो.

आता मुद्द्यावर येतो. मी खोटं काहीच बोललो नव्हतो. आकडा पाइपलाइनप्रमाणे बरोबर, चार्ट स्वच्छ, मर्यादा लिहिलेली. फक्त मी सगळं माझ्या कामाच्या क्रमाने सांगितलं. आधी डेटा कुठून आणला, मग साफ कसा केला, मग पद्धत, मग निकाल आणि शेवटी मर्यादा. कॉलेजच्या प्रोजेक्ट रिपोर्टने आपल्याला ही सवय लावलेली असते. स्पायरल बाइंडिंगच्या शेवटच्या चार पानांत 'फ्युचर स्कोप अँड लिमिटेशन्स', जे एक्स्टर्नलसुद्धा वाचत नाही. पण समोर बसलेल्या माणसाचा क्रम उलटा असतो. त्याला आज काहीतरी ठरवायचंय. तो पहिला आकडा पकडतो आणि कामाला लागतो.

हे आमच्यासारख्या ठिकाणीच होतं असं समजू नका. या प्रकारचं खूप अभ्यासलं गेलेलं एक उदाहरण नासामधलं आहे आणि त्याचा धागा आपल्यापर्यंत येतो. कल्पना चावला ज्या यानात होत्या ते कोलंबिया. १६ जानेवारी २००३ ला उड्डाण झालं. साधारण ८२ सेकंदांनी बाहेरच्या टाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान वर अवकाशात, सातही अंतराळवीर ठीक, आणि खाली इंजिनिअर हिशेब करतायत की पंखाला किती इजा झाली असेल.

त्यांच्याकडे जुन्या चाचण्यांचा डेटा होता. त्यावरून त्यांनी स्लाइड्स बनवल्या आणि नासाच्या अधिकाऱ्यांना दाखवल्या. त्यातली एक स्लाइड पुढे फार गाजली. तिच्या शीर्षकाचा सूर असा की चाचण्यांचा डेटा बघता आपला अंदाज सावधच आहे, म्हणजे फार काळजी नको. खाली बुलेट, त्याच्या पोटात बुलेट, त्याच्याही पोटात बुलेट. आणि सगळ्यात खालच्या पातळीवर, बारीक अक्षरात, हे: चाचण्यांमध्ये वापरलेला तुकडा ३ घन इंचांचा होता, प्रत्यक्षात आदळलेला अंदाजे १,९२० घन इंचांचा.

भागाकार करा. ६४० पट. म्हणजे ज्या डेटाच्या जोरावर आपण बोलतोय त्या डेटाचा या घटनेशी जवळपास संबंधच नाही. ही त्या स्लाइडवरची सर्वात महत्त्वाची गोष्ट होती आणि ती तळाशी होती. शीर्षक वाचून माणूस निश्चिंत व्हावा, तळ वाचून त्याची झोप उडावी, अशी ती स्लाइड.

१ फेब्रुवारीला परतताना यान टेक्सासवर आकाशात तुटलं. सातही जण गेले. मी तेव्हा बालवाडीत, पण पुढे शाळेच्या भिंतीवर कल्पना चावलांचा फोटो होता, तो तुमच्यापैकी अनेकांच्या शाळेतही असेल. ते फोटोतलं हसणं आणि ही स्लाइड यांचा काही संबंध आहे हे मला नोकरीला लागल्यावर कळलं.

येल विद्यापीठातले एडवर्ड टफ्टी यांनी त्या स्लाइडची चिरफाड केली आणि अपघाताच्या चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३ च्या आपल्या अहवालात त्या विश्लेषणाची दखल घेतली. आता, एका स्लाइडमुळे यान पडलं असं कुणी म्हणत नाही आणि मीही म्हणणार नाही. पंखाचे फोटो मिळावेत म्हणून इंजिनिअरांनी विनंती केली होती, ती पुढे गेली नाही; वेळापत्रकाचा दबाव होता; फोम निघणं ही नेहमीची गोष्ट मानली जात होती. कारणं बरीच. पण इंजिनिअरांना जे माहीत होतं ते ठरवणाऱ्यांच्या डोक्यात पोचलं नाही, आणि कागदावर मात्र ते लिहिलेलं होतं.

टफ्टींनी आणखी एक बारीक गोष्ट दाखवली, ती डेटावाल्यांनी नीट ऐका. 'सिग्निफिकंट' आणि त्याची भावंडं त्या एका स्लाइडवर पाच वेळा आलीत आणि अर्थ मात्र वेगवेगळे. आपण हा शब्द किती सहज वापरतो! आपल्यासाठी तो पी-व्हॅल्यूचा शब्द आहे: हा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता कमी, एवढंच. ऐकणाऱ्यासाठी त्याचा अर्थ 'मोठा फरक'. लाखभर ओळी असल्या की अर्ध्या टक्क्याचा फरकसुद्धा आपल्या अर्थाने सिग्निफिकंट निघतो आणि धंद्याच्या दृष्टीने तो शून्य असू शकतो. मी हा शब्द मीटिंगमध्ये वापरणं बंद केलंय. त्याच्या जागी आकडा सांगतो.

आकड्यावरून आठवलं. टक्केवारी हा आपला दुसरा घात. "उशिराचं प्रमाण ५० टक्क्यांनी वाढलं" म्हणजे काय? शंभरात २ होते ते ३ झाले की शंभरात २० होते ते ७० झाले? ऐकणारा दोन्हीपैकी काहीही धरू शकतो. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर १९९५ मध्ये असंच झालं. तिथल्या औषध सुरक्षेच्या समितीने इशारा दिला की नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. शंभर टक्के वाढ! बायकांनी घाबरून गोळ्या बंद केल्या. मुळात धोका होता ७,००० बायकांमागे एकीला, तो झाला होता दोघींना. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये गर्भपातांची संख्या बरीच वाढली, जादाचे १३,००० च्या आसपास असा अंदाज सांगितला जातो. आणि गर्भारपणात गुठळीचा धोका त्या गोळीपेक्षा जास्तच असतो. 'दुप्पट' खोटं नव्हतं. पण कशाच्या दुप्पट ते शेजारी नव्हतं.

आपल्याकडे शेकडा हा शब्द किती छान आहे, आणि आपण तो विसरलो. आजी म्हणायची, शेकडा दोन आंबे नासतात. तिच्या डोळ्यांसमोर शंभर आंबे असायचे. मी आता शक्यतो असंच बोलतो: शंभर पार्सलांतली इतकी. टक्के, टक्के पॉइंट, बेसिस पॉइंट यांची सगळी भांडणं मिटतात.

मग मर्यादा कुठे लिहायची? सगळ्या मर्यादा पहिल्या स्लाइडवर टाकल्या तर कुणी काही ठरवूच शकणार नाही, तेही चूक. मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: ही गोष्ट ऐकून समोरच्याचा निर्णय बदलू शकतो का? बदलू शकत असेल तर ती मर्यादा नव्हे, तो निकालाचाच भाग आहे आणि तिची जागा आकड्याच्या शेजारी, त्याच वाक्यात. बदलू शकत नसेल तर खुशाल शेवटी टाका. पण हे ओळखायला निर्णय काय आहे ते माहीत पाहिजे ना! मला ते माहीतच नव्हतं. मला वाटलं होतं डॅशबोर्डसाठी सहज मागितलंय. आता काम घेतानाच विचारतो, "मॅडम, हा आकडा कमी आला तर आपण काय करणार? जास्त आला तर काय करणार?" सुरुवातीला फार अवघड गेलं. सीनियर माणसाला असं विचारणं उद्धटपणा वाटेल अशी भीती. प्रत्यक्षात बहुतेकांना आवडतं. आणि कधीकधी उत्तर येतं, "काहीच करणार नाही, फक्त बघायचंय." मग दोन आठवड्यांचं काम दोन तासांत उरकता येतं.

आता हबाकडे परत. ऑफिसला येऊन मी हॅंडसेटच्या वेळेने हिशेब पुन्हा केला. शंभरातल्या ४ पार्सलांचं घड्याळ चुकलेलं निघालं, त्यांचं काही सांगता येईना. उरलेल्या ९६ पैकी ८३ वेळेवर. थेट भागाकार केला तर ८६. इन्सेंटिव्हची रेघ ८५.

मोह काय होतो सांगू? ८६ लिहून पाठवून द्यायचं. पोरांना पैसे मिळतील, माझं पाप धुतलं जाईल. पण ती चार पार्सलं सगळी उशिराची असतील तर आकडा ८३, सगळी वेळेवर असतील तर ८७. रेघ बरोबर मधे. आधी अर्धवट सांगून एकीकडे चुकलो, आता अर्धवट सांगून दुसरीकडे चुकायचं? मग मेल लिहिला. पाच ओळी, जोडलेली फाइल नाही. साधारण असा:

"या हबाचा ७१ हा आकडा चुकीचा आहे आणि ती चूक माझ्या रिपोर्टमधली आहे. तिथे स्कॅन संध्याकाळी एकदम चढतात, त्यामुळे दुपारची पार्सलं रात्रीची दिसतात. खरा आकडा ८३ ते ८७ च्या मधे कुठेतरी आहे. इन्सेंटिव्हची मर्यादा ८५ आहे, त्यामुळे या डेटावरून रायडर नापास झाले असं म्हणता येत नाही, पास झाले असंही खात्रीने म्हणता येत नाही. हॅंडसेटची घड्याळं दुरुस्त करायला दोन आठवडे लागतील, तोवर इन्सेंटिव्ह चालू ठेवावा असं मला वाटतं."

'ती चूक माझ्या रिपोर्टमधली आहे' हे वाक्य मी तीनदा खोडलं. 'काही विसंगती आढळली' असं लिहून बघितलं. छान, गोल, कुणालाच न लागणारं वाक्य. पण ते वाचून मॅडमना कळलंच नसतं की त्यांनी घेतलेला निर्णय कुठल्या पायावर उभा होता. पाठवा बटण दाबल्यावर अर्धा तास लॅपटॉप बंद करून बसलो.

उत्तर दोन ओळींचं आलं. इन्सेंटिव्ह त्याच महिन्यापासून सुरू. आणि खाली: यापुढे असं काही असेल तर स्लाइडच्या आधी फोन कर. ओरडा मिळाला नाही. मिळाला असता तर कदाचित बरं वाटलं असतं.

मेल लिहायच्या आधी मी एक केलं होतं, ते तुम्हीही करून बघा. सगळं आईला फोनवर मराठीत सांगितलं. तिचा आणि डेटाचा काही संबंध नाही, ती पोस्टात आहे. आपल्याकडे इंग्लिशची एक सोय असते, न समजलेली गोष्टसुद्धा जार्गनमध्ये झाकून टाकता येते. 'टाइमस्टॅम्प क्वालिटी इश्यू' म्हटलं की आपल्यालाही वाटतं आपण काहीतरी सांगितलं. मराठीत तो शब्दच नाही, त्यामुळे सांगावं लागतं की पोरगा दुपारी देतो आणि मशीन रात्री लिहितं. आई म्हणाली, "मग मशीनची चूक, त्याचे पैसे का कापले?" तो माझ्या मेलचा पहिला ड्राफ्ट.

मराठी माध्यमातून आलेल्या मंडळींना म्हणून सांगतो, क्लास लावा, इंग्लिश वाढवा, त्याचा फायदा होतोच. पण 'कम्युनिकेशन सुधारा' म्हणणाऱ्या मॅनेजरला एकदा विचारा की कुठल्या मीटिंगमध्ये, कुठल्या वाक्याला अडलं. मी विचारलं होतं, उशिरा का होईना. ते म्हणाले, "तू बोलतोस चांगला, पण मी करायचं काय ते तू कधी सांगतच नाहीस." दोन वर्षं मी उच्चार सुधारत बसलो होतो.

हॅंडसेटचं म्हणाल तर घड्याळं सर्व्हरशी जुळवायचा बदल पुढच्या व्हर्जनमध्ये गेला आणि हब त्यानंतर ८८ च्या आसपास राहिलं. कापलेल्या दोन पगारांपैकी एका महिन्याचे पैसे रायडरांना परत मिळाले. दुसऱ्या महिन्याचं पेरोल बंद झालंय असं कारण आलं, आणि मी कंपनी सोडेपर्यंत ते तसंच होतं. सोडून गेलेल्या त्या दोघांना तर काहीच मिळालं नाही. काकांना मी दिवाळीला फोन करतो. ते अजून विचारतात, "साहेब, रिपोर्ट बरा आहे ना?"

चला, आज इतकंच. पुढच्या भागात चार्ट काढताना वाय-अक्ष शून्यापासून सुरू करावा की नाही यावर भांडू, त्यावर तुमचे मेसेज आधीच आलेत.